चौथा नट

मोटारीच्या चाकावरचे नट सहसा कुणी निरखून पाहत नाही. चाक दिसतं, त्याची चकाकी दिसते, फार तर टायरच्या खाचेत रुतून बसलेला एखादा खडा दिसतो. पण चाकाला गाडीशी बांधून ठेवणारे ते चार-पाच लोखंडी तुकडे नजरेच्या कडेलाच राहतात. पावसाळ्यात गाडी उभी करून, पाणी निथळत असताना, कधी तरी उकिडवं बसून त्यांच्याकडे पाहावं. तीन नट एकसारखे, षट्कोनी; कुठल्याही गावातल्या कुठल्याही पान्याने धरावं आणि त्यांनी धरू द्यावं इतके सालस. चौथा मात्र गोल गुळगुळीत. त्याला कड नाही, कोपरा नाही. माथ्यावर करंजीची कड कातण्याने कातरावी तशी एक नागमोडी खाच फिरलेली आणि तिच्यात साचलेलं पावसाचं पाणी.

त्या खाचेत नेमका बसेल असा एक जोडीदार तुकडा असतो. अंगठ्याहून थोडा जाड, एका टोकाला तीच नागमोडी रेघ उठावाची, दुसऱ्या टोकाला साधा षट्कोन. हा तुकडा नटावर बसवायचा, त्याच्या पाठीवर नेहमीचा पाना चढवायचा आणि फिरवायचं. गॅरेजवाले त्याला चावी म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण तो नसेल तर चाक निघत नाही. डिकीत स्टेपनी असेल, जॅक असेल, पाना असेल, अंगात बळही असेल. पण एवढासा तुकडा नसला की सगळी सामग्री मुकाट बसून राहते.

हे नट जन्माला आले ते भीतीतून. पूर्वी चाकं पत्र्याची असत, काळी, बिनचेहऱ्याची. त्यांच्यावर कुणाचा जीव जडत नसे. मिश्रधातूची, नक्षीदार, चांदीच्या झळाळीची चाकं आली आणि ती रात्रीतून नाहीशी होऊ लागली. विटांच्या थप्पीवर ठेवलेली गाडी मी एकदा पहाटे पाहिली आहे. काचा शाबूत, आरसे शाबूत, आत देवाच्या फोटोसमोरचं फूलही तसंच, आणि खाली चारही बाजूंना नुसत्या विटा. गाडीचा मालक शेजारच्या पायरीवर बसून होता. फिर्याद, विमा, पैसे हे सगळं नंतरचं. त्या घडीला त्याच्या चेहऱ्यावर अपमान होता. आपण आत झोपलेले असताना कुणी तरी इतक्या शांतपणे, इतका वेळ, आपल्या दारात काम करत होतं, ही जाणीव सहन होण्यासारखी नसते. तेव्हा दर चाकाला एक असा नट लावणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. निवांत झोप यावी यासाठी माणसं काय काय करतात. त्यात हा फार साधा उपाय आहे.

आमची छोटी पांढरी गाडी आम्ही सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. त्यांना सगळे सरच म्हणतात, मीही म्हणतो. लेकीकडे पुण्याला कायमचं राहायला जायचं ठरलं आणि सरांनी भरलं घर आवरायला काढलं. गाडी त्यांनी अशी ठेवली होती की सीटवर हात फिरवला तर धुळीचा कणही लागू नये. सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार फाइलला लावलेली, हवेचा दाब कधी तपासला त्याची नोंद बारीक अक्षरात वहीत. शेजाऱ्याच्या गाडीची चाकं गेली त्याच आठवड्यात सरांनी बाजारातल्या दुकानातून हे नट आणून बसवून घेतले होते. गाडी आमच्याकडे आली ती कागदांसह, दोन किल्ल्यांसह, गणपतीच्या मूर्तीसह. त्या लोखंडी तुकड्याची आठवण कुणालाच झाली नाही, आणि व्हावी तरी कशी? वर्षानुवर्षं ज्याची गरजच पडली नाही ती वस्तू सुखी घरात विसरलीच जाते.

गरज पडली ती गगनबावड्याच्या वाटेवर. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. तिथे पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा पाऊस राहतो म्हणावं. धुक्यात रस्त्याच्या कडेचा धारदार दगड दिसला नाही आणि टायरची बगल चिरली गेली. खिळा घुसला असता तर चाक न काढताही पंक्चर निघालं असतं. ट्यूबलेस टायरची ती सोय आहे. बगल फाटली की मात्र चाक उतरवण्याशिवाय मार्ग नाही. टायर टांगलेल्या एका टपरीतला पोरगा छत्री न घेता धावत आला, चाकापाशी वाकला, नटांवरून बोट फिरवलं आणि त्या गोल नटावर थांबून वर पाहत एवढंच विचारलं, “चावी?”

सरांना फोन लावला. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, “अहो, मी ती जपून ठेवली होती.” या वाक्याच्या मागे किती शोध उभे असतात हे प्रत्येक घराला माहीत आहे. पुढचे काही दिवस सरांचे फोन येत राहिले. चष्म्याच्या जुन्या डब्यांत पाहिलं, देव्हाऱ्याखालच्या खणात पाहिलं, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, औषधांच्या पेटीत पाहिलं. मी नको नको म्हणत होतो, पण त्यांना राहवत नव्हतं. शेवटी बाईंनाच आठवलं : शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनींच्या डबीशेजारी, एक जड लोखंडी गोल होता खरा. यंत्र घर आवरताना कुणाला तरी देऊन टाकलेलं. ते त्यांच्याकडून आणखी कुणाकडे गेलेलं. म्हणजे आता कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी खिडकीपाशी, कापडाचे तुकडे आणि खडू यांच्यामध्ये ती चावी पडून आहे, आणि त्या घरातल्या माणसांना ती कशाची हे कधीच कळायचं नाही. सर पैसे द्यायला निघाले होते. मी त्यांना ते बोलू दिलं नाही. त्यांच्या आवाजात जे वाईट वाटणं होतं ते पैशाचं नव्हतंच. इतक्या निगुतीने सांभाळलेल्या संसारातला एक टाका आपल्या हातून सुटला, याचं ते होतं.

आपल्याकडे किल्ली ही सोपवायची वस्तू असे. माझ्या आजोळी कोठीच्या खोलीची, दागिन्यांच्या पेटीची, फडताळाची अशा किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असायचा. ती चालली की आधी तो वाजायचा आणि मग ती दिसायची. थकल्यावर एका दुपारी तिने तो मामीच्या हातात दिला आणि प्रत्येक किल्ली वेगळी धरून, ही कशाची, ही कुठल्या बाजूला फिरते, हिला जरा वर उचलून फिरवावं लागतं, असं सगळं सांगितलं. त्या सांगण्याला बराच वेळ लागला. मामी नुसती ऐकत होती. घर एका हातातून दुसऱ्या हातात जातं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. कळलं मात्र फार उशिरा. कुलूप तर कुणालाही दिसतं. किल्लीबरोबरचं ते सांगणं दिसत नाही, आणि बहुतेक वेळा हरवतं ते तेच.

या नटाच्या नादाने मी कुलपांविषयी वाचत गेलो आणि लंडनच्या एका दुकानाच्या काचेपाशी येऊन थांबलो. जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने 1784 मध्ये एका कुलपाचं पेटंट घेतलं. त्याची किल्ली पोकळ नळीसारखी, टोकावर कमीअधिक खोलीच्या खाचा असलेली. आपल्या चाकाच्या चावीची दूरची पणजी म्हणावी अशी. पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या काचेत त्याने एक कुलूप मांडून ठेवलं आणि खाली जाहीर केलं की हे उघडणारं हत्यार जो बनवेल त्याला 200 गिनी मिळतील. साठ वर्षांहून अधिक काळ ते उघडलं नाही. ब्रामा 1814 मध्ये गेला, कुलूप काचेतच राहिलं. पुढे 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ए. सी. हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून त्याने ते उघडलं. त्याच्या धीराचं मला कौतुक वाटतं. आणि का कोण जाणे, त्या कुलपाविषयी थोडं वाईटही वाटतं.

पण मला खरं धरून ठेवलं ते या गोष्टीतल्या एका पोराने. ते कुलूप प्रत्यक्ष घडवणारा हात ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या तरुण कारागिराचा होता. कोवळ्या वयात तो तिथे आला आणि कुलपाचे सूक्ष्म भाग बिनचूक कापणारी यंत्रं त्याने बनवली. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. संसार वाढला म्हणून पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि 1797 मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. तिथे त्याने स्क्रूचे आटे अचूक कापणारं लेथ परिपूर्ण केलं. त्याच्याच कारखान्यात पुढे जोसेफ व्हिटवर्थ काम शिकला. व्हिटवर्थच्या आधी बहुतेक नट आपल्या एकट्या बोल्टाचेच असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर सहसा चढत नसे. जोडीतलं एक हरवलं की दुसरं भंगारात. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 1841 मध्ये सगळ्यांसाठी एकच प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन 55 अंशांचा. पुढे प्रमाणं बदलली, कोन बदलले, पण कुणाचाही नट कुणाच्याही बोल्टावर बसावा हा विचार तिथून चालत आला.

म्हणजे कुणालाही न उघडणारं कुलूप आणि कुणालाही बसणारा नट एकाच गुरूघरी वाढले. एकाला जगापासून लपायचं होतं, दुसऱ्याला जगात मिसळायचं होतं. माणसाच्या मनातही या दोन ओढी अशाच शेजारी नांदतात. सगळ्यांसारखं असावं असंही वाटतं आणि आपलं असं काही कुणाच्या हाती लागू नये असंही वाटतं. चाकावरच्या त्या गोल नटात दोन्ही घराणी पुन्हा एकत्र आली आहेत, आणि मला तो नट त्यामुळे फार जवळचा वाटू लागला.

गाडी उचलून कोल्हापूरला आणली होती. कंपनीच्या वर्कशॉपात अशा नटांच्या मास्टर चाव्यांची पेटी असते, पण आमचे नट बाहेरून बसवलेले. त्यांतली एकही चावी लागली नाही. तेव्हा कुणी तरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. उद्यमनगरात सकाळी शिरलं की आधी वास येतो, तापलेल्या लोखंडाचा आणि कटिंग ऑइलचा, आणि मग लेथांचा एक अखंड सूर कानात बसतो. जगात कुठे न मिळणारा भाग इथे दुपारपर्यंत करून मिळतो, असं कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात, आणि त्या गल्ल्यांतून फिरलं की ते पटतं.

मिस्त्री साठीचे असावेत. त्यांनी नटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गाडीचं पुस्तक दावा आधी. राग मानू नका सायेब, पर ही हत्यारं कुणासाठी बी काढत न्हाई.” मला राग येणं शक्यच नव्हतं. कागदावरचं नाव आणि माझं लायसन्स त्यांनी सावकाश ताडून पाहिलं. कुलूप उघडण्याची विद्या ज्याच्या हातात आहे त्याच्या मनात आधी हा प्रश्न उभा राहावा, यापेक्षा मोठी सुरक्षितता कुठल्या नटात असेल असं मला वाटत नाही.

मग ते खाली बसले. मला वाटलं होतं की बाकीचे नट आधी सैल करतील. त्यांनी उलट केलं. तिन्ही साध्या नटांना पाना लावून आणखी थोडं आवळलं. म्हणाले, “शेजारच्यांस्नी आवळलं की त्ये भार घेत्यात, मग ह्यो जरा सैल पडतोय. आधी त्येंनाच काढलं आस्तं तर समदा ताण ह्येच्या एकट्यावर आला आस्ता.” यंत्रशास्त्र हेच सांगतं. आवळलेला बोल्ट किंचित ताणलेला असतो आणि त्या ताणावरच तो चाक धरून ठेवतो. शेजाऱ्यांनी चाक अधिक दाबलं की याच्या वाट्याचा ताण तेवढा उतरतो. हे पुस्तकात वाचलं असतं तर मी पान उलटून पुढे गेलो असतो. तिथे, ओल्या जमिनीवर, त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि ते अजून मनातून जात नाही.

चाकाची चांदी खरवडू नये म्हणून त्यांनी भोवती जाड पुठ्ठा लावला. कडेने थोडं तेल सोडलं आणि ते आत झिरपेपर्यंत चहा मागवला. एका वेगळ्या डब्यात जुन्या गोट्या, म्हणजे पान्याची सॉकेटं, होत्या, बारा कोनांच्या, नटाच्या घेरापेक्षा केसभर लहान. या मारायच्या गोट्या; एका कामात यांचा जीव जातो. त्यांतली एक नटाच्या माथ्यावर धरून त्यांनी हातोड्याने ठोकायला सुरुवात केली. पहिले घाव बोथट वाजत होते. हळूहळू आवाज बदलत गेला, घट्ट, भरीव होत गेला, आणि एका घावानंतर त्यांनी हातोडा खाली ठेवला. गोटी बसली हे त्यांना कानाने कळलं होतं. मग टॉमी, टॉमीवर लांब पाइप, आणि पाइपवर दोन्ही हात. चाकाचा नट साधारण शंभर न्यूटन-मीटर एवढ्या जोराने आवळलेला असतो, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगावं तेवढा. पण गंज चढला की तो हिशेब राहत नाही. मिस्त्रींनी हिसका दिला नाही. अंगाचा भार सावकाश टाकत गेले. एकदम कट्ट असा आवाज आला. मला वाटलं तुटलं काही तरी. ते म्हणाले, “सुटला.”

दुसऱ्या एका चाकावर गोटी घसरली. तिथे त्यांनी दुसरं हत्यार काढलं. आतून उलट्या पिळाचे दाते असलेली गोटी. नट सोडवण्यासाठी जितकं फिरवावं तितके ते दाते लोखंडात रुततात. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात ते आपल्याला माहीत असतं, पण उलटेपणाचा असा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला. नटाच्या बाहेर सैल फिरणारी कडी असलेली एक जात असते, तिच्यावर मात्र हेही चालत नाही. तेव्हा वेल्डिंग करून वर साधा नट चिकटवायचा किंवा ड्रिलने पोखरायचं, पण उष्णतेने चाक आणि बेअरिंग बिघडतं आणि कडक पोलादावर ड्रिलचे बिट तुटतात, म्हणून ते शेवटचं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या गाडीवर ती वेळ आली नाही.

पहिला नट त्यांनी गोटीतून ठोकून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. अजून ऊन होता. कड चेचलेली, माथ्यावरची नागमोडी रेघ एका बाजूने पुसलेली. मी तो उलटा करून पाहिला तर आतले आटे जसेच्या तसे, एकही दुखावलेला नाही. मिस्त्रींनी तो परत घेतला, चाकाच्या मोकळ्या बोल्टावर टेकवला आणि दोन बोटांनी फिरवला. तो इतक्या सहज आत गेला, इतक्या सहज बाहेर आला! आतून तो पहिल्यापासून इतर तिघांसारखाच होता. सगळं वेगळेपण, सगळा अबोला, तो फक्त माथ्यावर होता.

त्याला मी मनातल्या मनात हट्टी म्हणत होतो, ते मागे घेतलं. त्याने सांगितलेलं काम केलं होतं. त्याला माणूस ओळखता येत नाही, आकृती ओळखता येते. आणि ती आकृती घेऊन आम्ही गेलो नव्हतो. अनोळखी माणसाला दाद देऊ नकोस एवढं एकच त्याला शिकवलेलं, आणि सर गेल्यानंतर त्याच्या दृष्टीने आम्ही सगळे अनोळखीच होतो. काही माणसंही अशी असतात. एका कुणाशी मन जुळलेलं असतं, ते माणूस जातं, आणि मग बाकीच्यांनी कितीही मायेने हात पुढे केला तरी त्यांच्या हाताला धरायला कड लागत नाही. त्यांना घाव घालून उघडायचं नसतं. पण शेजारच्यांनी थोडा भार घेतला तर काय होतं, ते मला त्या दिवसापासून पाहावंसं वाटतं.

चारही चाकांना आता साधे षट्कोनी नट आहेत. मिस्त्रींनी ते हाताने आवळले, आणि थोडं अंतर चालवून पुन्हा एकदा आवळून घ्यायला सांगितलं, तसं मी केलं. सरांना फोन करून चाकं निघाल्याचं कळवलं. त्यांना किती बरं वाटलं ते त्यांच्या श्वासावरून कळलं. नवे चावीचे नट लावावेत की नाही हे ज्याने त्याने आपल्या गल्लीकडे पाहून ठरवावं; रात्री गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर मी लावा असंच म्हणेन.

फक्त लावलेत तर हवेच्या बंदुकीने ते नट आवळू देऊ नका. त्या झटक्याने चावीचे दाते तुटतात, हाताचा पानाच बरा. चावीवर किंवा तिच्यासोबतच्या कार्डावर क्रमांक असेल तर तो घरच्या वहीत उतरवून ठेवा, कारण त्यावरून बहुधा दुसरी चावी मागवता येते. ती डिकीत स्टेपनीजवळ ठेवा आणि कुठे ठेवली ते घरातल्या आणखी एकाला सांगा. गाडी विकाल तेव्हा आर. सी. पुस्तकाबरोबर तीही नव्या मालकाच्या हातात द्या, आणि ती कशाची आहे तेही, दोन मिनिटं थांबून, सांगा.